मांजराच्या सीरममध्ये काय नव्हतं?

समोर दोन डिश आहेत. दोन्हींत उंदराच्या एकाच वाणाच्या पेशी पेरल्या आहेत. साखर तीच, क्षार तेच, जीवनसत्त्वं तीच, इन्क्युबेटरही एकच. फरक इतकाच, की एकीत गाईच्या गर्भाच्या रक्तापासून काढलेलं सीरम घातलं आहे आणि दुसरीत मोठ्या मांजराचं. पेशी दोन्हीकडे वाढतात. तळ भरून गेला, हलायला जागा उरली नाही, की दोन्हीकडे थांबतात. पुढच्या आठवड्याभरात मात्र पहिल्या डिशचं रूप पालटतं. चपट्या, लांबुळक्या पेशी गोलसर व्हायला लागतात, त्यांच्या आत बारीक चमकते थेंब दिसतात, थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पाहता पाहता पेशी चरबीने टच्च भरते. मांजराच्या सीरममधल्या पेशी ढिम्म. जिवंत आहेत, धडधाकट आहेत, पण चरबीची पेशी व्हायचं नाव घेत नाहीत.

१९७८ साली वालिद कुरी-हार्कुच आणि हॉवर्ड ग्रीन यांनी या प्रकारच्या प्रयोगांवरून एक साधा, पण दूरवर जाणारा निष्कर्ष मांडला. पेशीचं चरबीच्या पेशीत रूपांतर होणं सीरममधल्या कुठल्या तरी घटकावर अवलंबून आहे. पेशीला नुसतं खाऊ घालून भागत नाही, तिला कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारा रक्तातून येतो. तो कोण, एकटा की अनेक, आणि त्याचं म्हणणं पेशी कधी ऐकते, कधी धुडकावते, याचा शोध पुढची कित्येक दशकं चालला. पुढच्या पानांत आहे तो याच शोधाचा वृत्तान्त.

विषयात शिरण्याआधी एक रूढ समज बाजूला सारायला हवा. चरबी म्हणजे जास्त खाल्ल्याचा साठा, हे खरं आहे, पण अर्धंच. धान्य भरपूर आलं म्हणून कणगी आपोआप विणली जात नाही. विणणं वेगळं, भरणं वेगळं. शरीरातही चरबीची पेशी घडणं आणि ती भरणं ही दोन निराळी कामं आहेत. त्याच १९७८ साली कुरी-हार्कुच, वाइज आणि ग्रीन यांनी हे दोन टप्पे एकमेकांपासून सोडवून दाखवले. पेशींना त्यांनी बायोटिन या जीवनसत्त्वावाचून ठेवलं. चरबी बनवायच्या साखळीतलं सुरुवातीचं एक महत्त्वाचं एन्झाइम बायोटिनशिवाय काम करत नाही. झालं असं, की पेशींनी चरबीच्या पेशीची बाकीची यंत्रणा उभी केली, पण थेंब काही साठले नाहीत. म्हणजे पेशी चरबीची झाली आणि तरी रिकामी राहिली. स्थूलपणावर आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्यात हा फरक क्वचितच डोकावतो. सगळा भर भरण्यावर, म्हणजे ताटातल्या कॅलरींवर. घडण्याकडे कुणी पाहत नाही.

आता सीरमबद्दल. रक्त भांड्यात तसंच ठेवलं की गोठतं, गुठळी आकसते आणि वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. पुण्याच्या वाचकाला या शब्दासरशी हडपसरचा लसींचा कारखाना आठवेल. ती संस्था १९६६ साली सुरू झाली, तेव्हा घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचा प्रतिबंधक काढणं हे तिचं काम होतं, म्हणजे नावातलं सीरम अगदी शब्दशः होतं. प्रयोगशाळेतलं सीरम बहुतेक वेळा येतं ते कत्तलखान्यातल्या गाभण गाईंच्या गर्भाकडून. ऐकायला बरं वाटत नाही, पण गेली साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेशी-संवर्धनाचा मोठा भाग याच्यावर उभा आहे. या पाण्यात काय नसतं? अल्ब्युमिन, लोह वाहणारं ट्रान्सफेरिन, इन्सुलिन, वाढीची नाना प्रथिनं, स्टेरॉइड, मेदाम्लं. शिवाय रक्त गोठताना त्यातले बिंबाणू फुटतात आणि त्यांच्या पोटातलं सामानही सीरममध्ये उतरतं. नसांतून वाहणाऱ्या रक्तात ते मोकळं नसतं. त्यामुळे सीरमला पेशींचं निव्वळ अन्न समजणं भाबडेपणाचं होतं. ते अन्नही होतं आणि सूचनांचा गठ्ठाही.

सीरमची एक खेप दुसरीसारखी नसते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच कळतं. चरबीच्या पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आजही नव्या बॅचची थोडीशी बाटली मागवतात, तीत पेशी चरबीच्या होतात का ते पाहतात, आणि जमली तर तीच बॅच वर्षभर पुरेल इतकी फ्रीझरमध्ये भरून ठेवतात. शोधनिबंधात यावर एक ओळही नसते.

मूळ पेशींची गोष्टही सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन साठच्या दशकाच्या आरंभी स्विस उंदराच्या भ्रूणातल्या पेशी काटेकोर शिस्तीत वाढवत होते. दर तीन दिवसांनी पेशी उचलायच्या आणि दर डिशला तीन लाख या हिशेबाने नव्या डिशमध्ये टाकायच्या. या शिस्तीवरूनच त्या वाणाला ३टी३ हे नाव पडलं. १९६३ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. डिश भरली की या पेशी गुमान थांबत. कर्करोगाच्या अभ्यासाला हा गुण फार उपयोगी होता, कारण कर्कपेशी नेमकं हेच करत नाहीत. चरबी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

पण थांबलेल्या डिश काही आठवडे तशाच राहू दिल्या की कोपऱ्यात कुठे कुठे काही पेशींत थेंब दिसत. दुसऱ्या एखाद्याने डिश जुनी झाली, पेशी खराब झाल्या म्हणून ती फेकून दिली असती. ग्रीनने त्याच पेशी वेचल्या, त्यांची स्वतंत्र पैदास केली, त्यांतून पुन्हा जास्त चरबी धरणाऱ्या निवडल्या. शेतकरी बियाणं निवडतो तसं. १९७४ साली मार्क म्यूथ याच्यासोबत त्याने चरबीच्या वाटेवरची पहिली स्थिर सेल लाइन जाहीर केली, आणि पुढे ओलानियी केहिंदे याच्याबरोबर ३टी३-एल१ आणि ३टी३-एफ४४२ए ही वाणं पक्की केली. आज मधुमेह किंवा स्थूलतेवरच्या औषधाचा शोधनिबंध उघडला, तर त्यातला उंदराच्या चरबीचा प्रयोग बहुधा एल१ वरच केलेला सापडतो. जाता जाता हेही सांगायला हवं, की ३टी३ पेशींच्याच आधारावर ग्रीनने माणसाची त्वचा डिशमध्ये वाढवायची रीत बसवली, आणि १९८३ साली अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात अंगाची जवळजवळ सगळी कातडी भाजलेल्या दोन भावंडांना त्या रीतीने वाढवलेली त्यांची स्वतःची त्वचा लावून वाचवण्यात आलं. त्या कामावरच्या निबंधातही केहिंदे याचं नाव आहे.

तर मांजराच्या सीरममध्ये काय नव्हतं?

उत्तराकडे नेणारा धागा अनपेक्षित जागी सापडला. मोरिकावा, निक्सन आणि ग्रीन यांनी १९८२ साली दाखवलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कात चरबीकडे ढकलणारी प्रबळ ताकद आहे, आणि ती ताकद दुसऱ्या कशाची नसून ग्रोथ हार्मोनची आहे. हे हार्मोन म्हणजे १९१ अमिनो आम्लांची साखळी असलेलं प्रथिन. निष्क्रिय सीरममध्ये त्याचा अगदी नगण्य अंश टाकला, तरी एफ४४२ए पेशी रूपांतराच्या वाटेला लागत. दोन वर्षांनी निक्सन आणि ग्रीन यांनी सीरमच्या चरबीजनक ताकदीत ग्रोथ हार्मोनचा वाटा किती, याचा हिशेब मांडला. गर्भावस्थेत हे हार्मोन रक्तात भरपूर असतं, जन्मानंतर ते बरंच उतरतं. वासराच्या गर्भाचं सीरम इतकं फलदायी का, याचा एक उलगडा इथे होतो.

ज्याला वैद्यकाची थोडी ओळख आहे, तो इथे थबकेल. ग्रोथ हार्मोन तर चरबी जाळतं! ते कमी पडलेली मुलं ठेंगणी आणि गुबगुबीत असतात. इस्रायलचे झ्वी लॅरॉन यांनी १९६६ साली वर्णन केलेल्या विकारात हार्मोन रक्तात भरपूर असतं, पण त्याचा संदेश घेणारी कडीच मोडलेली असते, आणि ही माणसंही स्थूल होतात. ज्यांच्या पिट्युटरीत गाठ होऊन हे हार्मोन वारेमाप सुटतं, त्यांच्या अंगात चरबी कमी असते. मग तेच प्रथिन डिशमध्ये चरबीच्या पेशी कसं घडवतं?

या विसंगतीतून ग्रीनने जे उत्तर काढलं, ते या विषयातल्या उत्तम युक्तिवादांपैकी एक मानावं लागेल. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९५७ साली अमेरिकेत सॅमन आणि डॉगडे यांना आढळलं होतं, की कूर्चेवर ग्रोथ हार्मोन थेट टाकलं तर विशेष काही होत नाही, पण ते हार्मोन दिलेल्या उंदराचं सीरम टाकलं तर कूर्चा कामाला लागते. म्हणजे मध्ये कुणीतरी निरोप्या आहे. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये फ्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६३ साली वेगळाच गोंधळ दिसला. सीरममधलं सगळं इन्सुलिन प्रतिपिंडाने बांधून निकामी केलं, तरी उंदराच्या चरबीच्या तुकड्यावर इन्सुलिनसारखा परिणाम होतच राहायचा. काहीतरी होतं, जे इन्सुलिन नव्हतं, पण इन्सुलिनसारखं वागत होतं. १९७८ साली रिंडरक्नेख्त आणि हुंबेल यांनी त्याची अमिनो आम्लांची साखळी उलगडली, तेव्हा हे दोन्ही माग एकाच कुटुंबाच्या दारात येऊन पोचले. हे इन्सुलिनचे भाऊबंद. त्यातला मुख्य तो आयजीएफ-१.

ग्रीनचं म्हणणं असं. ग्रोथ हार्मोन पूर्वपेशीला चरबीच्या वाटेवर आणतं आणि तिला आयजीएफ-१ चं ऐकण्याजोगी बनवतं. मग आयजीएफ-१ त्या वाटेला लागलेल्या पेशींची संख्या वाढवतं. दोन प्रथिनं, दोन कामं, क्रम ठरलेला. १९८५ साली मांडलेल्या या कल्पनेला पुढच्याच वर्षी झेझुलाक आणि ग्रीन यांच्या प्रयोगाने आधार मिळाला: ग्रोथ हार्मोन मिळालेल्या पेशीच आयजीएफ-१ ला जोमाने दाद देत होत्या. आणि विसंगती? तयार झालेल्या चरबीच्या पेशीला तेच ग्रोथ हार्मोन साठा मोकळा करायला लावतं. पेशीच्या उमेदवारीत एक सांगणं, प्रौढपणी दुसरंच. प्रथिन तेच राहिलं, ऐकणारी बदलली. शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक हार्मोनपुढे कामांची यादी छापतात, ती वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

इन्सुलिनचा वाटा समजायलाही असाच वेळ लागला. १९७८ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रुबिन, ओरा रोझेन आणि सहकाऱ्यांनी एल१ पेशींसाठी एक नुस्खा बसवला, तो आजही जवळजवळ तसाच चालतो. पेशी दाटल्यावर दोन दिवस थांबायचं; मग गर्भाचं सीरम, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, कॅफीनच्या नात्यातलं एक रसायन आणि इन्सुलिन असं मिश्रण द्यायचं. दोन दिवसांनी मिश्रण काढून नुसतं इन्सुलिन. पेशी आधी एकदा-दोनदा विभागून घेतात, जणू नवा धंदा सुरू करायच्या आधीची झाडलोट, आणि आठव्या-दहाव्या दिवशी दहातल्या नऊ पेशी थेंबांनी भरलेल्या दिसतात. ऑइल रेड-ओ हा रंग घातला की डिश साध्या डोळ्यांना लालभडक दिसते. गंमत अशी, की या नुस्ख्यातलं इन्सुलिन रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट जास्त असतं. का, ते १९८८ साली रुबिन यांच्याच गटाने स्पष्ट केलं. त्या वेळी पेशीवर इन्सुलिनची स्वतःची कडी फारशी नसते, आणि इतकं भरमसाट इन्सुलिन आयजीएफ-१ च्या कडीला जाऊन लटकतं. आयजीएफ-१ च दिलं, तर अगदी थोडक्यात काम होतं. दहा वर्षं सगळे इन्सुलिन म्हणून जे देत होते, ते भावाच्या दारात सोडलेलं पत्र होतं.

सीरममधली सगळीच प्रथिनं हुकूम देणारी नसतात, काही नुसती हमाली करतात. पण ही हमाली फुकट जात नाही. अल्ब्युमिनच्या पाठीवर मेदाम्लं बसलेली असतात. फ्रान्समधल्या नीस इथे जेरार आयो आणि त्यांच्या गटाने स्थूल उंदरांपासून ओबी१७ ही सेल लाइन १९७८ मध्ये तयार केली होती. सीरममधली चरबीजनक ताकद तपासताना त्यांना अॅराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल हाती लागलं, म्हणजे प्रथिनाने वाहून आणलेला ऐवज. फेट्युइन हे असंच दुसरं नाव. के पेडरसन यांनी १९४४ साली वासराच्या सीरममधून ते वेगळं काढलं. गर्भाच्या सीरममध्ये ते विपुल, मोठ्या जनावरात थोडं. १९९० साली असं दिसलं, की फेट्युइन असताना पेशी बाहेरची मेदाम्लं झपाट्याने चरबीत सामावून घेतात. बावीस वर्षांनी शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठातल्या समीर भट्टाचार्य यांच्या गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवलं, की माणसाच्या यकृतातून येणारं फेट्युइन-ए मेदाम्लांना हाताशी धरून पेशीवरचं दाहाचं बटण दाबतं आणि इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतं. गर्भात उपकारक ठरणारं प्रथिन प्रौढ शरीरात कसं वागतं, याचा हा नमुना.

रक्तातून आलेला निरोप पेशीच्या आत कुठे पोचतो, हे १९९४ साली बॉस्टनच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेतून कळलं. पीपीएआर-गॅमा नावाचं एक केंद्रकातलं प्रथिन साध्या तंतुपेशीत घातलं की ती चरबीची पेशी होते. पुढच्याच वर्षी औषध कंपनीतल्या संशोधकांना आढळलं, की मधुमेहावर तपासली जाणारी ग्लिटाझोन वर्गाची औषधं नेमकी याच प्रथिनाला जाऊन चिकटतात. म्हणजे ज्या औषधाने रक्तातली साखर उतरते, ते नव्या चरबीच्या पेशी घडवतं! रुग्णाचं वजन वाढतं, साखर मात्र खाली येते. आपल्याकडे या औषधांचा इतिहास खडतर आहे. रोझिग्लिटाझोनवर २०१० साली भारतात बंदी आली. पायोग्लिटाझोन २०१३ साली थांबवून त्याच वर्षी इशाऱ्यासह परत आणलं. पण त्यांच्या दुष्परिणामांच्या वादात मूळ धडा झाकला जाऊ नये. नव्या, लहान, रिकाम्या चरबीच्या पेशी हे शरीराचं संरक्षण असू शकतं.

याला पुरावे ग्लिटाझोनपलीकडेही आहेत, आणि ते जास्त बोलके आहेत. अंगात जवळजवळ चरबीच नसलेला उंदीर १९९८ साली जनुकीय फेरफाराने तयार केला गेला. तो सुदृढ, सडपातळ निघायला हवा होता. निघाला तो भयंकर मधुमेही, यकृत तुपासारख्या चरबीने फुगलेलं. २००० साली त्याच्यात निरोगी उंदराची चरबी कलम केली, तर मधुमेह आटोक्यात आला. माणसांतही जन्मजात चरबीहीनतेचा विकार असतो. अशा रुग्णांचं शरीर पिळदार दिसतं आणि आतून साखर व मेद बेफाम झालेले असतात. उलट टोकाचा प्रयोग २००७ सालचा. अॅडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींतूनच रक्तात सुटणारं प्रथिन. १९९५ साली ते एल१ पेशींतच सापडलं होतं. आधीच लठ्ठ असलेल्या उंदरांत फिलिप शेरर यांच्या गटाने ते जास्त प्रमाणात तयार करवलं. उंदीर आणखी लठ्ठ झाले, अचाट लठ्ठ. आणि त्यांची साखर सुधारली. चरबी यकृतातून, स्नायूंतून निघून जिथे जायला हवी तिथे, त्वचेखालच्या नव्या पेशींत गेली होती.

इथे पुण्याचा उल्लेख ओढूनताणून आणावा लागत नाही, तो आपसूक येतो. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जानेवारी २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या जॉन यडकिन यांच्यासोबत दोघांचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. यडकिन पळणारे आणि याज्ञिक गाडीने जाणारे, असा खुलासा कुणी करील, आणि त्यात तथ्य असेलही. पण पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात जी बाळं तपासली, ती काही गाडीने फिरत नव्हती. त्यांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. हातपाय बारीक, पोटातले अवयव लहान. पाठीवरच्या चिमटीत येणारी चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ टिकून राहिलेली. याज्ञिकांनी या बाळाला ‘बारीक-पण-चरबीदार’ या अर्थाचं जे नाव दिलं, ते आता जगभर चालतं. आणखी एका तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघालं.

नाळेतलं सीरम म्हणजे गर्भाचंच सीरम. डेन्मार्कच्या योर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकातच सांगितलं होतं, की आईची साखर वारेतून गर्भाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग गर्भ स्वतःचं इन्सुलिन जास्त काढतो आणि त्याच्या अंगावर चरबी धरते. ग्रीनच्या डिशमध्ये वासराच्या गर्भाचं सीरम जे करत होतं, त्याच्या जवळचं काहीतरी मुळशी-भोरकडच्या एखाद्या गरोदर बाईच्या पोटात चाललेलं असणार, असं म्हणण्याचा मोह होतो. तो थोडा आवरायला हवा. नाळेतलं इन्सुलिन आणि बाळाची चरबी एकत्र दिसतात, एवढं पक्कं आहे. आईचं पोषण, बी-१२ ची कमतरता, पिढ्यांचं कुपोषण असे बरेच धागे त्यात गुंतलेले आहेत. पण प्रश्न कुठे विचारायचा, ते मात्र या संशोधनाने नक्की सांगितलं. मोठेपणी पोटावर आलेल्या घेऱ्यावरून नव्हे, तर चरबीच्या पेशी घडतात त्या वयात.

ते वय कोणतं? स्टॉकहोममधल्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याचं उत्तर अणुबॉम्बच्या साहाय्याने शोधलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि पुढे तो हळूहळू घटत गेला. पेशीच्या डीएनएमधला त्याचा अंश मोजला की ती पेशी कधी जन्मली ते कळतं. दिसलं असं, की चरबीच्या पेशींची संख्या बालपण आणि किशोरवयात ठरते. मोठेपणी दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. पोटाची शस्त्रक्रिया करून भरमसाट वजन उतरवलेल्या माणसांतही पेशी आकाराने आटल्या, संख्येने नाही. म्हणजे पूर्वपेशींना ‘व्हा’ म्हणणारा निरोप आयुष्यभर चालू असतो, साठीच्या माणसातही.

‘नको’ म्हणणारे निरोपही असतात, आणि त्यांच्याशिवाय चित्र अपुरं राहील. बिंबाणूंतून सीरममध्ये उतरणारं टीजीएफ-बीटा रूपांतर रोखतं. क्षय किंवा कर्करोगात माणूस झिजतो, त्या झिजण्याशी जोडलेलं टीएनएफ हे प्रथिन १९८५ साली डिशमधल्या चरबीच्या पेशींवर टाकलं, तेव्हा तयार पेशींनीही आपली चरबीची यंत्रणा मोडायला घेतली. पूर्वपेशी स्वतःच अंगावर प्रेफ-१ नावाचं प्रथिन बाळगते, ते असेपर्यंत ती पुढे सरकत नाही. म्हणूनच माणसाच्या पूर्वपेशी वाढवताना संशोधकांना उलटा अनुभव आला. उंदराच्या पेशींना जे सीरम फळलं, ते माणसाच्या पेशींना अडवत होतं. १९८७ साली नीसच्या गटाने आणि १९८९ साली जर्मनीत हान्स हाउनर यांनी सीरम पूर्ण काढून टाकून, इन्सुलिन, स्टेरॉइड, ट्रान्सफेरिन असे मोजके ज्ञात पदार्थ घालून माणसाच्या पेशी चरबीच्या केल्या. मांजराच्या सीरममध्ये काहीतरी नव्हतं; कुठल्याशा सीरममध्ये काहीतरी जास्त असतं, हेही तितकंच खरं. गाठोडं सोडून एकेक वस्तू वेगळी मांडल्याशिवाय ते कळत नाही.

हे गाठोडं सोडण्याचं काम आता वैद्यकाबाहेरच्या लोकांनाही तातडीचं वाटू लागलं आहे. ५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये मार्क पोस्ट यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाचा पहिला बर्गर लोकांसमोर तळून दाखवला. तो नुसत्या स्नायूपेशींचा होता, आणि चव घेणाऱ्यांनी लगेच सांगितलं, की यात चरबी नाही, कोरडं लागतं. तेव्हापासून या धंद्यातल्या मंडळींना दोन अडचणी एकदम सोडवायच्या आहेत. चरबीच्या पेशी तर हव्यात, पण जनावर न मारता मांस विकायचं म्हटल्यावर गर्भाचं सीरम वापरता येत नाही. सिंगापूरने २०२० साली असं कोंबडीचं मांस विकायला परवानगी दिली, आणि सीरमशिवाय वाढवलेल्याला २०२३ च्या जानेवारीत. मग ग्रोथ हार्मोनचं काम कशाने करायचं, आयजीएफ किती आणि कधी घालायचं, मेदाम्लं वाहायला अल्ब्युमिन कुठून आणायचं? वूहानच्या संशोधकांनी २०११ सालीच भाताच्या दाण्यात मानवी अल्ब्युमिन पिकवून दाखवलं होतं, औषधासाठी. टनावारी मांस वाढवणाऱ्या टाक्यांना ते परवडेल अशा भावात आणि तितक्या प्रमाणात देता येतं का, यावर आता कंपन्यांचे हिशेब अडले आहेत.